कारूच्या माळावर दोषी जनावराचा शोध

केप टाउनहून जोहान्सबर्गकडे निघालेला महामार्ग काही तासांतच डोंगर ओलांडून एका रखरखीत पठारावर चढतो. या प्रदेशाला कारू म्हणतात. पाऊस बेताचा आणि लहरी, जमिनीवर खुरटी झुडपे, मधूनच एखादी पवनचक्की आणि तिच्या पायथ्याशी जनावरांसाठी पाण्याचे टाके. येथला शेतकरी म्हणजे मेंढ्या पाळणारा; पण एका मेंढीला पोटभर चरण्यासाठी कित्येक हेक्टर जमीन लागत असल्याने एकेका मालकाचा माळ हजारो हेक्टरांचा असतो, आणि त्या विस्तारात लोकरीसाठी पाळलेल्या मेरिनो किंवा मांसासाठी पाळलेल्या डॉर्पर मेंढ्या दिवसरात्र मोकळ्या चरत असतात. त्यांच्यामागे काठी घेऊन फिरणारा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. राखण तारेच्या कुंपणाने करावी अशी येथली रीत आहे, आणि पुढच्या साऱ्या भानगडीचे मूळ या रीतीत आहे.

मेंढ्या विण्याच्या हंगामात शेतकऱ्याची सकाळ कोकरे मोजण्यात जाते. एखादे कोकरू मरून पडलेले सापडले, की संशय दोघांवर जातो. पहिला काळ्या पाठीचा कोल्हा. दुसरा कॅराकल, म्हणजे कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुपके असलेले तांबूस रानमांजर. भारतात कच्छ-राजस्थानकडे यालाच स्याहगोश म्हणतात. कोल्ह्याचे वजन जेमतेम सात-आठ किलो, कॅराकल त्याहून थोडा भारी. संशय घ्यायला काहीच लागत नाही. जाणता शिकारी मात्र बंदुकीला हात घालण्याआधी खिशातून चाकू काढतो.

तो काय करतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम तो कोकराचे खूर उलटे करून बघतो. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या खुरांवर एक मऊ, पिवळसर आवरण असते आणि चार पावले टाकताच ते झिजू लागते. ते जसेच्या तसे असेल, तर हे कोकरू आपल्या पायांवर कधी उभेच राहिले नाही. मग तो छाती उघडून फुप्फुसाचा एक तुकडा पाण्यात टाकतो. श्वास घेतलेले फुप्फुस तरंगते, पोटातच मेलेल्या कोकराचे बुडते. शेवटी तो गळ्याचे कातडे सोलतो. सुळ्यांच्या छिद्रांभोवती, कातड्याच्या आतल्या बाजूस, रक्त साकळलेले दिसले तर चावा बसला तेव्हा हृदय चालू होते आणि कोकरू मारले गेले आहे. छिद्रे आहेत पण रक्त साकळलेले नाही, असे असेल तर थंडीने, भुकेने किंवा रोगाने आधीच मेलेल्या कोकरावर नंतर कोणीतरी ताव मारला आहे.

मारले हे ठरल्यावर कोणी मारले, हा प्रश्न येतो. कोल्हा गळा धरतो आणि बरगड्यांच्या मागे, कुशीतून फोडून खायला सुरुवात करतो. कॅराकलही गळा किंवा मान धरतो, पण त्याच्या नखांचे ओरखडे अंगावर उमटलेले असतात आणि तो मांड्यांचे मांस नीटनेटके खातो, आतड्या-कोथळ्याला सहसा तोंड लावत नाही. मोकाट कुत्र्यांना असली सफाई येत नाही. ती मागचे पाय, शेपटी, कान, जिथे तोंड पोहोचेल तिथे लचके तोडतात आणि अर्धमेली मेंढी टाकून दुसरीमागे धावतात. कुत्री बहुधा कोणाच्या तरी ओळखीची निघतात, त्यामुळे या निष्कर्षाचे स्वागत कोणी फारसे करत नाही. एवढा तपास करायला वेळ फार लागत नाही. तरीही तो होतोच असे नाही, आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जाते.

ही फाशी देण्याची परंपरा जुनी आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने केपमध्ये वस्ती केली ती १६५२ साली, आणि चारच वर्षांनी, १६५६ मध्ये, हिंस्र श्वापदे मारणाऱ्यांसाठी बक्षिसे जाहीर झाली. पुढच्या दोन-अडीच शतकांत सिंह आणि रानकुत्रे कारूमधून नाहीसे झाले. कोल्हा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतकऱ्यांनी विषमंडळे स्थापन केली आणि स्ट्रिकनीन घातलेले मांस माळावर टाकले जाऊ लागले. विषाला कोल्हा आणि गिधाड यांतला फरक कळत नाही, हे त्या वेळीही लोकांना दिसत होते; पण लोकरीचा भाव चांगला होता.

तोवर मेंढ्या रात्री वाड्यात कोंडल्या जात. महाराष्ट्रातला धनगर मुक्कामाच्या जागी वाघर लावून मेंढरे आत घेतो, तशातलीच ही पद्धत. मात्र कारूमधले वाडे कायमच्या जागी होते, आणि रोज सकाळी बाहेर व संध्याकाळी परत अशा येरझाऱ्यांनी वाड्याभोवतीची जमीन तुडवली जाऊन उघडी पडत होती. दुष्काळाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी आयोगाने १९२३ मधील आपल्या अंतिम अहवालात या येरझाऱ्यांवर बोट ठेवले. मेंढ्या कोंडाव्या लागतात कोल्ह्यामुळे, म्हणून माळाच्या नासाडीच्या मुळाशी कोल्हाच आहे, असा हा युक्तिवाद होता. उपाय ठरला तो कोल्ह्याला शिरता येणार नाही असे कुंपण घालण्याचा, आतले कोल्हे संपवण्याचा आणि मेंढ्या रात्रंदिवस मोकळ्या सोडण्याचा. हजारो किलोमीटर तार ताणली गेली. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या राखणदाराची गरज उरली नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलेली माणसे माळावरून हटली. सरकारने शिकार मंडळांना अनुदान दिले; रॉबर्टसन गावाजवळ व्रोलिकहाइड येथे तर शिकारी कुत्र्यांची पैदास करणारे सरकारी केंद्रच चालवले जात होते.

काही दशके हे जमले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनुदाने आटली, कुंपणे जुनी झाली, साळिंदर आणि वाळवी खाऊन जगणारा, बिळे खणणारा आर्डवार्क यांनी त्यांच्याखाली भोके पाडली, आणि शेजारच्या कित्येक शेतांचे रूपांतर शिकारीच्या किंवा सुट्टीच्या जमिनींत झाले, जिथे कोल्ह्याला कोणी हटकत नाही. कोल्हा परत आला.

तो इतका चिवट का, याचे उत्तर त्याच्या संसारात आहे. काळ्या पाठीचे कोल्हे जोडीने राहतात आणि आपला इलाखा राखतात. टांझानियातील सेरेनगेटी येथे पॅट्रिशिया मोएलमन यांनी केलेल्या अभ्यासातून, १९७९ मध्ये, असे दिसले की आदल्या वर्षीची काही पिल्ले आईबापांजवळ थांबून धाकट्या भावंडांना अन्न आणून देतात आणि असे मदतनीस जितके अधिक, तितकी जगणारी पिल्लेही अधिक. अशा जोडीतला एक मारला, की इलाखा उघडा पडतो आणि बाहेर भटकणारे तरुण कोल्हे तो घेण्यासाठी धावून येतात. जुनी जोडी ससे, उंदीर, किडे, पडलेली फळे यांवर भागवत असेल, तर शेतकऱ्याने आपल्याच हाताने एक निरुपद्रवी राखणदार हटवलेला असतो, आणि त्याच्या जागी कोण येईल यावर त्याचा काहीही ताबा नसतो.

आता रात्रीची शिकार. वारा कोणत्या दिशेने आहे हे पाहून एक पिकअप माळाच्या उताराला उभी केली आहे. मागच्या उघड्या भागात रायफल घेतलेला शिकारी आहे, आणि दुसऱ्याच्या हातात लाल काच लावलेला प्रकाशझोत, कारण लाल उजेडाला जनावर कमी बुजते. थोड्या अंतरावर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकातून आधी सशाची किंकाळी आणि मग परक्या कोल्ह्याची कोल्हेकुई ऐकवली जाते. भुकेला कोल्हा पहिल्या आवाजाला येतो; इलाख्याचा मालक दुसऱ्या आवाजाला, घुसखोराला हाकलण्यासाठी. झोतात दोन डोळे चमकतात आणि काही क्षणांत निकाल लागतो.

अडचण अशी की या आवाजाला सर्वांत आधी फसतो तो अननुभवी, वर्षभराचा कोल्हा. नेम चुकला आणि जनावर निसटले, तर ते पुढे हा आवाज ऐकून उलट्या दिशेने जाते. दातेरी सापळ्यातून पाय सोडवून गेलेला, विषाचे आमिष चाखून वाचलेला, गाडीचा आवाज ओळखणारा म्हातारा कोल्हा गप्प बसतो. म्हणजे ढोबळ शिकार ही एक चाळणी आहे: तीतून भोळे गळतात आणि बेरकी उरतात. चांगल्या शिकाऱ्याची किंमत त्याने किती कोल्हे मारले यावर करू नये. कोकराच्या कलेवरापासून निघालेल्या ठशांच्या मागावर राहून, कधी कधी आठवडाभर, त्याने नेमके तेच जनावर गाठले का, एवढेच विचारावे. अशी शिकार आवश्यक ठरते असे प्रसंग येतात, आणि एका रात्रीत सात-आठ कोकरे गमावलेल्या माणसाला शहरात बसून अहिंसेचे पाठ देणे शोभत नाही.

दोषी जनावराला नाव मिळाले की न्याय कसा बदलतो, याचे उदाहरण याच माळावर घडले. बोफर्ट वेस्टजवळच्या कारू राष्ट्रीय उद्यानात २०१० मध्ये सिंह पुन्हा आणले गेले. त्यांतला सिल्व्हेस्टर नावाचा तरुण नर जून २०१५ मध्ये कुंपणाखालून निसटला, तीन आठवड्यांहून अधिक काळ शेतांमधून शेकडो किलोमीटर भटकला आणि त्याने पंचवीसहून अधिक मेंढ्या मारल्या. पकडून गळ्यात उपग्रह पट्टा बांधल्यावरही २०१६ च्या मार्चअखेरीस तो पुन्हा सुटला. या वेळी त्याला ठार करण्याचा विचार पुढे आला, तशी देशापरदेशांतून सह्यांची मोहीम उभी राहिली आणि शेवटी त्याची रवानगी अॅडो हत्ती उद्यानाच्या परिसरात झाली. कोल्ह्यासाठी अशी सही कोणी केल्याचे ऐकिवात नाही. स्थलांतर हा उपाय सिंहाच्या या एका प्रकरणात निभावला. परंतु जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले होते, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे स्थलांतराची फार भलामण करता येत नाही.

कारूच्या वायव्येला, नामिबियात, हाच शोध चित्त्यांच्या बाबतीत चालला. मध्य प्रदेशातील कुनो येथे १७ सप्टेंबर २०२२ रोजी सोडलेले आठ चित्ते ज्या देशातून आले, त्या देशात १९८० च्या दशकात पशुपालकांनी दरवर्षी शेकडो चित्ते मारले किंवा पकडले. चित्ता दिवसा हिंडतो, म्हणून तो दिसतो, आणि जो दिसतो त्याच्या माथी खापर फुटते. ओचिवारोंगोजवळच्या चित्ता संवर्धन निधी या संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की वंशाची अनातोलियन आणि कंगाल कुत्री द्यायला सुरुवात केली. ही कुत्री कळप हाकत नाहीत. लहानपणापासून शेळ्या-मेंढ्यांत वाढलेली असल्याने ती कळपालाच आपले कुटुंब मानतात आणि शिकारी जनावर व कळप यांच्यामध्ये उभी राहून भुंकतात. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

त्याहून विचार करायला लावणारा निष्कर्ष २०२० मध्ये आला. बर्लिनच्या लाइबनिट्झ वन्यजीव संशोधन संस्थेतील संशोधकांनी नामिबियातील चित्त्यांच्या गळ्यांत पट्टे बांधून त्यांच्या वाटा नोंदवल्या, तेव्हा असे आढळले की ठरावीक झाडांभोवती परिसरातले चित्ते पुन्हा पुन्हा येतात, खुणा सोडतात, दुसऱ्यांच्या खुणा हुंगतात. अशा अड्ड्यांभोवती वासरे असलेला कळप ठेवला, की नुकसान ठरलेलेच. ज्या शेतकऱ्यांनी हे कळप तिथून हलवले, त्यांच्याकडील वासरांचे नुकसान ८६ टक्क्यांनी घटले. म्हणजे इतकी वर्षे ज्याला दोषी चित्ता म्हणून गोळी घातली जात होती, तो बहुतेकदा गर्दीच्या चौकात सापडलेला कोणीही चित्ता होता, आणि एक मारला की त्याच चौकात दुसरा येत होता. दोषी होती ती जागा.

त्याच वर्षी बोत्सवानातल्या ओकावांगो खोऱ्यातून एक विलक्षण साधी तोड पुढे आली: गुरांच्या पार्श्वभागावर रंगाने दोन मोठे डोळे काढायचे. दबा धरणाऱ्या सिंहाला वाटते की आपण दिसलो. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी दबा धरणाऱ्या श्वापदाने एकही मारले नाही, तर न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ गेली. हा उपाय दबा धरणाऱ्या मोठ्या मांजरांपुरता आहे.

कोल्ह्याचा असा चौक नसतो, त्यामुळे कारूच्या शेतकऱ्याला नामिबियाचे उत्तर जसेच्या तसे उचलता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये नुकसानकारक वन्यप्राण्यांविषयी देशभराची नियमावली लागू झाली, आणि २०१८ मध्ये नेल्सन मंडेला विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या वैज्ञानिक आढाव्याने मान्य केले की साडेतीनशे वर्षे मारूनही कोल्हा हटलेला नाही आणि कोणती पद्धत खरोखर उपयोगी पडते याचे पुरावे तुटपुंजे आहेत. काही शेतकरी आता विणाऱ्या मेंढ्यांना घराजवळच्या लहान वाड्यांत ठेवतात, कोकरे आठवड्या-दोन आठवड्यांची झाल्यावरच मोठ्या माळावर सोडतात, आणि तिथे मेंढ्यांसोबत पगारी राखणदार पाठवतात. त्याचा पगार आणि वाचलेल्या कोकरांची किंमत यांचा हिशेब दरवर्षी लोकरीच्या भावाबरोबर बदलतो. ज्या माळावर कोल्ह्यांची जोडी आहे पण कोकरू गेलेले नाही, तिथे हे शेतकरी शिकाऱ्याला बोलावत नाहीत. साकळलेले रक्त दिसले, की त्याच दिवशी बोलावतात.