तेरा वीस, पुन्हा तेरा वीस

(दृश्य : अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं नॉरवॉक, ड्रॅग स्ट्रिपची (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीची) सकाळ. रांगेत उभ्या जुन्या गाड्या. कॅमेरा एका काचेवर थांबतो.)

काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने आकडा लिहिलाय : 13.20. गाडी 1970 ची शेव्हरले शेव्हेल एसएस 454, एलएस6 इंजिनाची. 454 घनइंच म्हणजे जवळपास 7.4 लिटर. कंपनीच्या कागदावर 450 हॉर्सपॉवर. हा आकडा इंजिन बेंचवर ठेवून, पंखा-सायलेन्सर वगळून मोजलेला आहे, तेव्हा तो आजच्या गाड्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

शेजारच्या लेनमधल्या गाडीच्या काचेवर 11.80 आहे. फरक 1.40 सेकंदांचा. तरी ही शर्यत एकतर्फी नाही, कारण ही ब्रॅकेट रेस आहे. पाव मैल, म्हणजे 402 मीटर कापायला आपली गाडी किती वेळ घेईल, ते चालकाने आधीच जाहीर करायचं. याला म्हणतात डायल-इन. हळू गाडीला हिरवा दिवा तेवढा आधी मिळतो, इथे 1.40 सेकंद आधी. आणि जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात, तर 'ब्रेकआउट' होऊन बाद. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ज्यांनी ड्रॅग पाहिली असेल, त्यांना 'कमी वेळ तो विजेता' हाच हिशोब सवयीचा असतो. इथे तो चालत नाही.

आकड्यांत बघू. शेव्हेलचा चालक हिरव्या दिव्यानंतर 0.035 सेकंदाने निघाला आणि गाडीने 13.23 घेतले. डायल-इनपेक्षा 0.03 जास्त. बेरीज 0.065. समोरचा 0.020 ला निघाला, पण 11.86 ला पोचला. बेरीज 0.080. शेव्हेल 0.015 सेकंदाने जिंकली. दुसरी गाडी ताशी 185 किलोमीटरने येत असेल, तर फिनिश लाइनवर हे अंतर भरतं जेमतेम अडीच फूट.

म्हणजे जिंकायला हवी ती दर वेळी तेच करणारी गाडी. पंचावन्न वर्षं जुन्या, कार्बोरेटर आणि पॉइंटवर चालणाऱ्या गाडीकडून नेमकं तेच करून घेणं सर्वांत अवघड.

(दृश्य : बोनेट उघडं. फीलर गेज, टायमिंग लाइट.)

सुरुवात टॅपेटपासून. एलएस6 ला सॉलिड लिफ्टर आहेत, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप आपोआप जुळत नाही, हाताने लावावा लागतो. गॅप गरम इंजिनावर लावायचा : इनटेक 24 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्ट 28 थाऊ. शिसं नसलेल्या आजच्या पेट्रोलवर जुनी व्हॉल्व्ह सीट झिजून आत धसत जाते, त्यामुळे एक्झॉस्टचा गॅप हळूहळू कमी होतो. कठीण धातूच्या सीट बसवल्या नसतील, तर प्रत्येक शर्यतीआधी सोळाही व्हॉल्व्ह तपासा.

मग डिस्ट्रिब्युटर. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच. त्याचा ड्वेल, म्हणजे तो बंद राहतो तेवढा कोन, 28 ते 32 अंशांत हवा. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजला की पॉइंटचा गॅप कमी होतो, ड्वेल वाढतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं. एक अंश ड्वेल बदलला की टायमिंगही साधारण एक अंश सरकतं. दिवसभरात गाडी अर्ध्या दशांश सेकंदाने हळू झाली तर लोक कार्बोरेटर उघडतात, आणि दोष निघतो इथे. नवे पॉइंट बसवताना त्या फायबरला ग्रीसचा बारीक थर द्या. कोरडे चालवले की एका दिवसात झिजतात. स्प्रिंग कडक असलेला संच घ्या. साधे पॉइंट साडेपाच हजार आरपीएमच्या वर उसळायला लागतात आणि गाडी नेमकी गिअर बदलायच्या आधी अडखळते.

एकूण टायमिंग 34 ते 36 अंश. पण या इंजिनाचं कॉम्प्रेशन 11.25 आहे आणि हेड बिडाचे. 1970 साली त्याला शिसं घातलेलं प्रीमियम पेट्रोल मिळायचं. आज अमेरिकेतल्या साध्या पंपावरचं 93 ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर भार आला की इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात. (तिथला 93 आणि आपल्याकडचा 95 यांची मोजायची पद्धतच वेगळी, आपला 95 तिथे साधारण 90-91 भरेल.) एकतर 100 ऑक्टेनच्या वरचं रेसिंग पेट्रोल घ्या, नाहीतर टायमिंग दोन-तीन अंश कमी करा. त्यात वेळ जातो, पिस्टन वाचतो.

(दृश्य : होली कार्बोरेटर, जवळून. बाऊलच्या बाजूचा छोटा स्क्रू काढला जातो.)

हा 780 सीएफएमचा (मिनिटाला 780 घनफूट हवा घेणारा) होली कंपनीचा कार्बोरेटर. बाऊल म्हणजे त्यातली पेट्रोलची छोटी टाकी. बाऊलच्या बाजूचा हा स्क्रू काढल्यावर पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं दिसलं पाहिजे. वाहून बाहेर आलं तर फ्लोट (पातळी राखणारा तरंगता भाग) वर आहे, दिसलंच नाही तर खाली.

गाडी सुटताना अडखळते, याची कारणं दोन आणि इलाज वेगवेगळे. पेडल दाबताक्षणी दचकली, तर अ‍ॅक्सिलरेटर पंप कमी फवारतोय. पंपाच्या लिव्हरमधला मोकळा गॅप काढा, मग फवारणीचं भोक एक नंबर मोठं करा. पण गाडी नीट सुटली आणि अर्ध्या सेकंदानंतर गुदमरली, तर मागच्या बाऊलकडे बघा. गाडी पुढे झेपावते तसं पेट्रोल मागे सरकतं. पुढच्या बाऊलचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) मागच्या बाजूला असल्याने बुडालेले राहतात; मागच्या बाऊलचे जेट पुढच्या बाजूला, ते उघडे पडतात. त्यावर प्लास्टिकच्या छोट्या नळ्या येतात, जेट एक्स्टेन्शन. नळ्या लावल्या की फ्लोटला खाचही हवी, नाहीतर तो नळ्यांवर टेकतो आणि पेट्रोल बंदच होत नाही.

(दृश्य : मागचं चाक, प्रेशर गेज.)

टायर. मूळ एफ70-14 मापाच्या टायरवर हे इंजिन नुसतं रबर जाळतं. म्हणून बरेच जण 15 इंची रिमवर 275/60 मापाचे ड्रॅग रेडियल घालतात. हवा 16 ते 18 पीएसआय, प्रत्येक फेरीआधी मोजलेली. गाडी पिटमध्ये उभी असते तेव्हा उन्हाकडच्या टायरची हवा एक-दीड पीएसआयने वाढते आणि गाडी सुटताना एका बाजूला ओढते. त्या बाजूला चादर टाकून ठेवा. हसतील लोक, हसू देत.

शेव्हेलच्या मागच्या बाजूला कॉइल स्प्रिंग आहेत. प्रॉपेलर शाफ्टच्या पिळामुळे सुटताना उजवं मागचं चाक उचललं जातं. त्यावर स्वस्त आणि जुना उपाय म्हणजे उजव्या स्प्रिंगच्या आत रबरी एअरबॅग. किती हवा भरायची ते डांबरावरच्या काळ्या खुणा सांगतात. दोन्ही सारख्या लांबीच्या होईपर्यंत वाढवत जा.

(दृश्य : पाण्याची जागा, धूर. मग ख्रिसमस ट्री, म्हणजे स्टार्टच्या दिव्यांचा खांब.)

पाण्यातून गाडी सरळ नेऊ नका. पुढच्या टायरच्या खाचांत भरलेलं पाणी स्टार्ट लाइनवर सांडतं आणि मागची चाकं नेमकी त्यावरच येतात. वळसा घाला, मागची चाकं ओल्या कडेवर आणा, लाइन लॉकने पुढचे ब्रेक धरा, दुसऱ्या गिअरमध्ये तीन-चार सेकंद मागची चाकं जागेवर फिरवून टायर तापवा. दर वेळी तेवढेच.

स्टार्ट लाइनवर चाक ओळखणारे दोन प्रकाशकिरण असतात, एकमेकांपासून सात इंचांवर. पहिला प्री-स्टेज, दुसरा स्टेज. दुसरा दिवा लागताक्षणी थांबायचं. दोन इंच पुढे गेलात, तर प्रतिक्रियेचा वेळ आणि धावेचा वेळ दोन्ही बदलतात. डाव्या पायाने ब्रेक, 1500 आरपीएम. त्याहून वर नेलं की मागचे ड्रम ब्रेक हार मानतात आणि गाडी किरण ओलांडून सरकते. मग तीन पिवळे दिवे, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने. हिरव्याची वाट पाहिली तर उशीर झालाच. तिसरा पिवळा पेटला की पाय सोडायचा. हात-पाय आणि अवजड गाडी यांना हलायला उरलेला अर्धा सेकंद लागतोच. हिरव्याआधीच निघालात आणि लाल लागला, तर मात्र पुढचं सगळं संपलं.

(दृश्य : टाइम स्लिप, हातात.)

ही चिठ्ठी वाचता आली पाहिजे. पहिल्या 60 फुटांचा वेळ वाढला पण शेवटचा वेग तोच असेल, तर टायर घसरले. 60 फूट तेच पण वेग तीन-चार मैलांनी घटला, तर इंजिन किंवा हवा. 60 फुटांत हरवलेला एक दशांश शेवटी दीड ते दोन दशांश होऊन अंगावर येतो.

हवेचं गणितही याच चिठ्ठीवर. सकाळी 20 अंश आणि दुपारी 33, एवढ्या फरकाने गाडी साधारण दोन दशांशांनी हळू होते. पेट्रोल 35 लिटरने कमी-जास्त झालं तर 26 किलोचा फरक, अर्धा दशांश. म्हणून प्रत्येक फेरीआधी वापरलं तेवढंच टाकायचं.

आणि तापमान. इथे भलेभले फसतात. पहिल्या फेरीनंतर तासभर मिळतो, म्हणून इंजिन 65 अंशांपर्यंत गार करतात, मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात. गार इंजिन जोरात पळतं, आकडा छान येतो. पण सोळा गाड्यांच्या चार होतात तशी दोन फेऱ्यांमधली वेळ पंधरा-वीस मिनिटांवर येते. तेवढ्यात 7.4 लिटरचं बीड गार होत नाही. त्यामुळे अंतिम फेरीतही गाठता येईल असंच तापमान पहिल्यापासून धरा. समजा 80 अंश. सकाळी गाडी त्याहून गार असेल, तर चालू ठेवून तापवा आणि मग रांगेत या.

(दृश्य : संध्याकाळ. सावल्या लांब. काचेवरचा 13.38 हा आकडा पुसला जातो.)

दुपारी आकडा 13.38 पर्यंत चढलेला. आता ऊन उतरलंय, हवा गार आणि दाट. अंतिम फेरीत येणारे कित्येक जण दुपारचाच आकडा ठेवतात आणि ब्रेकआउट होऊन हरतात. शेवटच्या चार चिठ्ठ्या आणि हवामान यंत्राचे आकडे शेजारी ठेवले, तर गाडी 13.27 पळेल असं दिसतं. काचेवर 13.26 लिहिलं जातं. एक शतांश कमी, म्हणजे पूर्ण पेडल दाबून शेवटपर्यंत जायचं आणि फिनिश लाइनजवळ खांद्यावरून मागे बघत ब्रेकशी खेळायचं नाही. ताशी 165 किलोमीटरला मागचे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत तो खेळ करूही नये.

प्रतिक्रिया 0.028. वेळ 13.271. समोरचा 0.011 ने ब्रेकआउट.