जुन्या भिंतीला नवा गिलावा करताना आधी भिंतीचं ऐका

नमस्कार मंडळी! ही भिंत बघा. रंगाचे पोपडे सुटलेत, खाली पांढरी पूड जमलीय. बरेच जण पोपडे खरवडतात, वरून पुट्टी ओढतात आणि रंग देऊन मोकळे होतात. काही महिन्यांत पुन्हा तेच.

ही पूड म्हणजे क्षार. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर येऊन सुकतं आणि विटांमधले क्षार पृष्ठभागावर सोडून जातं. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. गळका पाइप, बाहेरची चीर, की जमिनीतून चढणारी ओल? प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा, एक दिवस ठेवा. पाण्याचे थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला जमले तर दमट हवेची. गळती बंद होऊन भिंत सुकेपर्यंत गिलाव्याला हात लावू नका. आणि ही पूड कोरड्या ब्रशनंच झाडा, पाण्यानं धुतली तर क्षार परत आत मुरतात.

आता हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून बघू. हा आवाज ऐका, टणक. आणि इथे? बद्द! म्हणजे गिलावा विटेपासून सुटलाय. सगळी भिंत अशीच ठोकत जा, बद्द वाजेल तिथे खडूनं खूण करा. टणक भाग उगाच फोडायची गरज नाही.

तोडण्याआधी मेन स्विच बंद करा, मास्क आणि चष्मा लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासू नका, ओला करून काढा. छिन्नी तिरपी धरून पोकळ भाग वीट दिसेपर्यंत काढा. विटांमधले सांधे साधारण 12 मिलिमीटर खोल खरवडा. नवा माल, म्हणजे गिलाव्यासाठी कालवलेलं मिश्रण, तिथेच पकड घेतो. मग तारेच्या ब्रशनं धूळ झाडा.

यानंतरचं काम घाईत हमखास बिघडतं, ते म्हणजे भिंत भिजवणं. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला पुरेसं पाणी मिळत नाही आणि गिलावा भुसभुशीत होतो. आदल्या संध्याकाळी भरपूर भिजवा, काम सुरू करण्याआधी पुन्हा शिंपडा. हात लावला की गार लागली पाहिजे, पण वर पाणी चमकता कामा नये, नाहीतर माल घसरतो.

जुना गिलावा चुन्याचा असेल, नखानं सहज ओरखडा उठत असेल, तर त्यावर सिमेंट नको. सिमेंट कडक असतं आणि ओल आत कोंडतं. तिथे चुन्याचाच माल वापरा.

जुना गिलावा सिमेंटचा असेल तर घराच्या आतल्या बाजूला माल एक भाग सिमेंट, सहा भाग चाळलेली वाळू. थर 12 ते 15 मिलिमीटर. खड्डा जास्त खोल असेल तर दोन थरांत भरा, पहिला थर ओरखडून ठेवा. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो परत वापरायचा मोह टाळा, ताकद जाते. रंधा, म्हणजे गिलावा सपाट करायची फळी, फिरवताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरवू नका, त्यानंच केसासारख्या भेगा पडतात.

दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस पाणी मारा. रंगाला चार आठवडे तरी थांबा, आणि त्याआधी हीच प्लॅस्टिकची चाचणी नव्या गिलाव्यावर पुन्हा करून बघा.