कौलांवरचा गंगाधर

मंडळी, विषय छापलाय ‘शक्तिमानची शक्ती’. तिकडं येतोच. पण आधी अँटेनाचं सांगू द्या, कारण इथले निम्मे लोक त्या अँटेनाखालीच वाढलेत.

१९९७ च्या सप्टेंबरात ‘शक्तिमान’ ही सुपरहिरोची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. आमचं घर वडगावात, दोन्ही बाजूंना माग. रविवारी बाराच्या ठोक्याला गल्लीतली सगळी पोरं आमच्या सोप्यात. मागांच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून धाकटी टीव्हीला नाक लावून बसायची. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना म्हणजे आज्जीला ‘महाभारता’तले भीष्म, ती शक्तिमानलाही हात जोडायची. आणि ऐन वेळी पडद्यावर मुंग्या! मग दादा कौलांवर चढायचा. पाइप हळूहळू फिरवत वरून ओरडायचा, “आलं काय रे?” आम्ही खालून, “आलं, आलं... गेलं! आता तसाच धर की!” हात सोडला की चित्र जायचं, म्हणून तो भर उन्हात पाइप धरून उभा.

एकदा मालिकेतल्या खलनायकानं, किल्विशनं ‘अंधेरा कायम रहे’ म्हणायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. माग थांबले, गल्ली चिडीचूप झाली आणि धाकटी पोरं रडायलाच लागली. (हसताय, म्हणजे तुमच्याकडंही झालं होतं!)

पुढं शक्तिमान वाचवेल म्हणून पोरं गच्चीवरून उड्या मारतात अशा बातम्या छापून आल्या आणि घरोघरी टीव्ही बंद झाले. याचा मला आजही राग आहे. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ लागायचं, चुकलेलं पोर ‘सॉरी शक्तिमान’ म्हणायचं. ते शेवटपर्यंत बसून बघितलं किती मोठ्यांनी?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर मुद्दा असा. शक्तिमानची शक्ती अपघातानं आलेली नाही. सूर्यांशी पंथाच्या साधूंनी त्याला निवडलं, त्यानं योगसाधना केली, कुंडलिनी जागवली, तेव्हा पंचमहाभूतांची शक्ती मिळाली. छातीवरचं सोनेरी चक्र त्याचीच खूण. पण एवढं कमावलेला माणूस दिवसभर राहतो कसा? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री होऊन! दात पुढं, जाड चष्मा, गळ्यात कॅमेरा. ‘आज की आवाज’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत लोक हसतात आणि तो हसू देतो. शक्तिमानसारखं गोल फिरणं आम्ही अंगणात चक्कर येईस्तोवर केलं. गंगाधर व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं. मला विचाराल तर खरी साधना तीच.

२००५ ला मालिका संपली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं पुन्हा दाखवली, तेव्हा पुण्याहून दादाचा फोन आला. म्हणाला, “अरे, हा गंगाधर फोटो काढतो होय? मला वरून नुसता आवाजच यायचा.”