परत टाकलेली गोटी

(रंकाळ्याचा काठ, संध्याकाळ. मागं शालिनी पॅलेस. कठड्यावर एक कापडी पिशवी.)

ह्या पिशवीत दहा गोट्या आहेत. सहा तांबड्या, चार पांढऱ्या. कोल्हापुरात दोन रंग निवडायचे म्हटल्यावर दुसरे कुठले घेणार. महाद्वार रोडवर ह्या घेताना दुकानदार म्हणाला एवढं एकेक तपासून कशाला घेताय, पण ते गरजेचं होतं, कारण एखादी गोटी जरा मोठी असली नाहीतर खरखरीत असली की बोटांना ती कळते, आणि बोटांना कळली की पुढचा सगळा हिशोब वाया.

खेळ सोपा आहे. न बघता हात घालायचा, एक गोटी काढायची, रंग वहीत लिहायचा, गोटी परत आत टाकायची, पिशवी चांगली हलवायची आणि पुन्हा काढायची. परत टाकायची, हे विसरायचं नाही, आजचा सगळा व्हिडिओ त्या दोन शब्दांवर उभा आहे.

खेळायला एक पाचवीतलं पोरगं आलंय, आईबरोबर भेळ खायला आलं होतं आणि कॅमेरा बघून इकडं वळलं. पहिली गोटी काढली, तांबडी. दुसरी, तांबडी. तिसरी पण तांबडी. चौथ्यांदा हात आत घातला आणि म्हणालं,

"दादा, आता पांढरीच येणार बघा."

"कशावरनं रे?"

"तीनदा तांबडी आली की! आता पांढरीचा नंबर."

काढली. तांबडी.

पोरगं पिशवीकडं असं बघायला लागलं की जसं काय तिनं मुद्दाम फसवलंय. पण हे एकट्या पोराचं नाही बरं का, कॅप्टन सलग तीन टॉस हरला की आपण मोठी माणसंसुद्धा म्हणतोच की आज जिंकणार, किती वेळा हरंल. आता पिशवीच्या बाजूनं बघा. तीन गोट्या काढल्या आणि तिन्ही परत टाकल्या, मग चौथ्यांदा हात घातला तेव्हा आत काय होतं? सहा तांबड्या, चार पांढऱ्या. पहिल्या वेळी होतं अगदी तेच. मागं काय निघालं ते पोराला आठवतंय, मला आठवतंय, वहीत लिहिलंय, पण पिशवीला त्यातलं काही माहीत नाही. म्हणून चौथ्या वेळीसुद्धा तांबडी यायची शक्यता दहात सहा, म्हणजे शंभरात साठ, आणि पांढरीची शंभरात चाळीस, जेवढी सुरुवातीला होती तेवढीच.

"पण चार तांबड्या लागोपाठ, असं क्वचितच होतं ना?" हा प्रश्न आमच्या कॅमेरावाल्यानं विचारला आणि तो बरोबर आहे, फक्त तो वेगळा प्रश्न आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी विचारलं की चारही तांबड्या येतील का, तर ०.६ चारदा गुणायचं, उत्तर ०.१२९६, म्हणजे शंभरात साधारण तेरा वेळा. फार दुर्मीळ पण नाही. पण तीन येऊन गेल्यावर विचारलं की चौथी कुठली, तर त्या तीन आता झालेल्या आहेत, त्यांचा गुणाकार कशाला करायचा, उरलेली फक्त एक गोटी मोजायची.

गुणाकारच का करायचा, बेरीज का नाही? शाळेत आम्हाला नुसता नियम सांगितला होता, का ते सांगितलं नव्हतं, आणि मला ते कितीतरी वर्षं खटकत होतं. म्हणून हा चौकोन बघा. आडव्या दहा घरांत पहिल्या वेळच्या दहा गोट्या, उभ्या दहा घरांत दुसऱ्या वेळच्या दहा. एकूण शंभर घरं, आणि प्रत्येक घर सारख्याच शक्यतेचं. दोन्ही तांबड्या असलेली घरं मोजा, सहा सक छत्तीस. आधी तांबडी मग पांढरी, चोवीस. आधी पांढरी मग तांबडी, परत चोवीस. दोन्ही पांढऱ्या, सोळा. सगळी बेरीज शंभर. एक एक रंगाची जोडी यायची शक्यता अठ्ठेचाळीस, कारण ती दोन रस्त्यांनी येते, आणि इथं नेमकं सगळे एकच रस्ता मोजतात आणि चोवीस म्हणून मोकळे होतात.

पोराला मी विचारलं, तीनदा काढली तर निदान एक पांढरी यायची शक्यता किती? त्यानं बोटावर केलं, चाळीस, चाळीस, चाळीस, एकशेवीस टक्के. मग स्वतःच थबकलं. शंभराच्या वर खात्री कशी असंल? मला ते थबकणं लई आवडलं. आता उलटीकडनं चला. निदान एक पांढरी नाही म्हणजे काय, तर तिन्ही तांबड्या. ०.६ तीनदा गुणलं की ०.२१६. उरलं ०.७८४. म्हणजे शंभरात साधारण अठ्ठ्याहत्तर वेळा निदान एक पांढरी दिसणार. "निदान एक" असं कुठंही आलं की आधी "एकही नाही" काढायचं आणि एकातनं वजा करायचं, लुडोत पण हेच चालतं. सोंगटी बाहेर काढायला सहा पाहिजे, आणि पोरांना वाटतं सहा वेळा फासा टाकला की एकदा तरी सहा पडणारच. फासा पण परत टाकलेल्या गोटीसारखाच, मागचं त्याला आठवत नाही. सहा टाकात एकही सहा न पडायची शक्यता पाच षष्ठांश सहा वेळा गुणून, जवळजवळ साडेतेहतीस टक्के. तीनातला एक जण रडकुंडीला येणार.

(मंगळवार पेठ. एक घर. स्टीलचा डबा, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.)

ही मावशीची भिशी. बारा बायका, बारा महिने, दर महिन्याला एक चिठ्ठी. इथं नियम उलटा आहे, जिला लागली तिची चिठ्ठी डब्यात परत जात नाही. म्हणून प्रत्येकीला वर्षात एकदा लागतेच लागते, आणि अकराव्या महिन्यानंतर उरलेल्या एका चिठ्ठीला तर काढायची पण गरज नाही.

मी मावशीला विचारलं, समजा प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकली तर?

"मग काय, एखादीला दोनदा लागंल, एखादी राहील," ती म्हणाली.

एखादी नाही मावशी. एका महिन्यात तुला न लागायची शक्यता बारात अकरा. बारा महिने तसंच, म्हणजे बारात अकरा हे बारा वेळा गुणायचं, उत्तर ०.३५२. म्हणजे वर्षभर पैसे भरून एकदाही न लागायची शक्यता पस्तीस टक्के, प्रत्येकीची. बारा जणींत सरासरी चार जणी कोरड्या राहणार. मावशीनं पटकन डब्याला झाकण लावलं.

मग तिनं जे विचारलं ते मात्र मी पण आधी नीट तपासलं नव्हतं. "पहिल्या महिन्यात लागायची शक्यता बारात एक, ते ठीक, पण दुसऱ्या महिन्यात अकराच चिठ्ठ्या असतात, मग दुसऱ्या महिन्याला जास्त चान्स ना?" बघूया. दुसऱ्या महिन्यात लागायला आधी पहिल्यात न लागलेली पाहिजे, बारात अकरा. त्यानंतर अकरात एक. गुणलं की वरचे अकरा आणि खालचे अकरा कटले, उरलं बारात एक. तिसऱ्या महिन्याला पण तेच, बाराव्याला पण तेच. वर्षाच्या सुरुवातीला बसून बघितलं तर सगळे महिने सारखे.

गोट्यांमध्येसुद्धा हा फरक दिसतो. परत टाकली तर दोन्ही तांबड्या छत्तीस टक्के. परत नाही टाकली तर पहिली दहात सहा, दुसरी नवात पाच, म्हणजे तेहतीस टक्के आणि वर थोडं. पण हजार गोट्या असल्या, सहाशे तांबड्या आणि चारशे पांढऱ्या, तर न टाकतासुद्धा ३५.९८ टक्के येतं, फरक जवळपास मिटला. लक्ष्मीपुरीत तांदळाच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढतात आणि त्यावर अख्ख्या पोत्याचा भाव ठरतो, तिथं ते दाणे पोत्यात परत जातात का नाही ह्यानं काही बिघडत नाही, पोतं मोठं आहे. नीट ढवळलेलं असलं म्हणजे झालं, वर चांगला आणि खाली तुकडा असंल तर गणित काही करू शकत नाही.

(परत रंकाळा. दिवे लागलेत.)

पोरगं अजून गेलं नव्हतं. आता त्यानं डाव उलटा केला. पाठ फिरवून, माझ्याकडच्या जादा गोट्या पण घेऊन, पिशवीत स्वतःच्या मनानं दहा गोट्या भरल्या आणि म्हणालं, "ओळखा, तांबड्या किती." फक्त काढून आणि परत टाकून ओळखायचं. मी पन्नास वेळा काढली. सोळा तांबड्या. पन्नासात सोळा म्हणजे दहात तीनच्या आसपास, मी सांगितलं तीन. त्यानं कठड्यावर पिशवी रिकामी केली. चार होत्या.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावच्या याकोब बर्नुली ह्या गणितज्ञानं नेमका हाच खेळ कागदावर मांडला होता. तो वारला १७०५ साली, हा खेळ असलेलं त्याचं पुस्तक छापून आलं १७१३ ला. त्याच्या भांड्यात ३००० पांढरे खडे आणि २००० काळे, एक काढायचा, बघायचा, परत टाकायचा, आणि परत टाकायचा कशासाठी तर भांड्यातले खडे कमी होऊ नयेत म्हणून. प्रमाण तीनास दोन, आपल्या पहिल्या पिशवीतलंच. त्यानं विचारलं की पांढऱ्यांचं प्रमाण पन्नासात एकोणतीस ते एकतीस ह्यांच्या मधेच येईल ह्याची हजारास एक इतकी खात्री, म्हणजे हजारदा बरोबर तर एकदाच चूक, हवी असली तर किती वेळा काढायला लागंल. त्याच्या गणितानं आलं २५,५५०. आजच्या पद्धतीनं त्याहून बऱ्याच कमी वेळात भागतं, पण तीनशे वर्षांपूर्वी अनुभवातनं खात्री किती मिळते ह्याला त्यानं आकडा लावला, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

मी पन्नासात उरकलं होतं.

पोराची आई हाक मारतीय, पण त्यानं पिशवी पुन्हा भरलीय, ह्यावेळी दोनशे म्हणतोय. पिशवी त्याच्याकडं, वही माझ्याकडं.

एक. पांढरी. टाक परत.

हलव.