लेप्टो नेमका कोणत्या तासाला शिकवला?

नमस्कार. पावसाळ्यात तुर्भे, दिघ्याकडून ताप आणि पोटऱ्यांचे दुखणे घेऊन रुग्ण येतो, तेव्हा ‘साचलेल्या पाण्यातून चालला होतात का?’ हे नवी मुंबईतला कोणताही इंटर्न न विसरता विचारतो. पण लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ‘लेप्टो’, त्याला एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत कुठे कुठे शिकवला गेला, हे त्याच्या कॉलेजलाही चटकन सांगता येत नाही.

माझ्यासमोर आमच्या कॉलेजच्या तासांची एक्सेल शीट आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने ‘स्पायरोकीट्स’ (लेप्टोचा जंतू ज्या मळसूत्री जंतूंच्या गटात येतो तो गट) लिहिले आहे, मेडिसिनने ‘वाइल्स डिसीज’ (लेप्टोचेच गंभीर रूप) आणि कम्युनिटी मेडिसिनने ‘प्राण्यांपासून होणारे आजार’. ‘लेप्टो’ शोधले, तर यातली एकही ओळ सापडत नाही. २०१९च्या तुकडीपासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात प्रत्येक क्षमतेला क्रमांक आहे खरा, पण तो विषयवार आहे. एमआय म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र, आयएम म्हणजे मेडिसिन. दोन्हीकडे आजार एकच आहे, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.

इथे मेश, म्हणजे मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज, उपयोगी पडते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० साली सुरू केलेली ही शीर्षकसूची दरवर्षी सुधारली जाते आणि पबमेड या वैद्यकीय संशोधनलेखांच्या सूचीवरचा शोध तिचाही आधार घेतो. तिची रचना झाडासारखी आहे: रोग ‘सी’ शाखेत, जंतू ‘बी’ शाखेत, औषधे ‘डी’ शाखेत. वाइल्स डिसीज हे लेप्टोस्पायरोसिसच्या पोटातले शीर्षक असल्यामुळे वरचे शीर्षक शोधले की खालचेही हाती लागते. जंतूचे शीर्षक मात्र वेगळ्या शाखेत असल्याने सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला रोगाचे आणि जंतूचे अशी दोन्ही शीर्षके द्यावी लागतात.

शीर्षक शक्य तितके नेमके निवडावे आणि ते तास घेणाऱ्या शिक्षकानेच, ग्रंथपालांना शेजारी बसवून निवडावे, असे माझे ठाम मत आहे. ‘प्राण्यांपासून होणारे आजार’ या तासात लेप्टोला तीन मिनिटे मिळाली की तीस, हे कार्यालयात नुसते वेळापत्रक पाहून कोणालाही ठरवता येणार नाही.

शीर्षके भरून शीट लावली, तेव्हा लेप्टोच्या चार ओळी एकाखाली एक आल्या. त्यांत जंतू, निदान आणि उपचार होते. पुराच्या पाण्यातून आलेल्यांना प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी द्यायची आणि गर्भवतींना ती टाळायची, हे मात्र एकाही ओळीत नव्हते. त्यासाठीचा तास आता जूनपूर्वी, कम्युनिटी मेडिसिनकडे आहे.