आधी गच्ची, मग एसी

नमस्कार श्रोतेहो. राहत्या, जुन्या घराचं विजेचं बिल उतरवायचं, तर पहिला रुपया कुठे घालावा? माझं उत्तर असं, की आधी ऊन अडवा. मशीन नंतर, ऊन आधी.

इंदूरला रामबागेत आमच्या एक मावशी राहतात. वर सिमेंटची गच्ची, त्यामुळे मे महिन्यात रात्री अकरालाही भिंत हाताला गरम लागायची. मुलानं दीड टनाचा एसी बघून ठेवला होता. तेवढ्यात खालच्या खोलीच्या रंगकामाला आलेला म्हातारा मिस्त्री गच्चीवर गेला, तळवा टेकवला, झटकन उचलला आणि म्हणाला, "बाईजी, पहले इसको चूना पिलाओ." मावशी म्हणाल्या, "पिऊ दे, चुना काही सोन्याच्या भावाचा नाही." चुन्यात गोंद घालून त्यानं दोन हात मारले. पश्चिमेच्या खिडकीला बांबूच्या काड्यांची चिक लावली, तीही बाहेरून. ऊन काचेतून आत शिरलं, की पडदा काय करणार? माळव्याच्या रात्री गार, म्हणून रात्री खिडक्या सताड उघड्या आणि सकाळी नऊला बंद. मुलगा पुन्हा गच्चीखालच्या वरच्या खोलीत झोपायला लागला, नुसत्या पंख्यावर. एसी पुढे आला, पण एक टनाचा, आणि तो भर दुपारीच चालतो. मावशी आता पाहुण्यांना चहाआधी गच्ची दाखवतात!

चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, झाली की हात फिरवायचा. आणि हल्ली पश्चिमेला नुसती काच लावून इमारती उभ्या करतात, ते मला मुळीच पटत नाही. वाड्यांना छज्जे होते, ते उगाच नव्हते.

आता पंखा. जुना 75 वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा, 30 च्या आसपास. रोज 15 तास फिरला तर महिन्याला 20 युनिट वाचतात. युनिट 7 रुपयांचं धरलं तर 140 रुपये. पंखा 3000 चा आणि वर्षातले आठ महिने वापर, म्हणजे पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. पण सगळे एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी. पुन्हा सांगतो, जास्त फिरणारा आधी. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.

एसी असेल तर 24 वर ठेवा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते.

भाड्याच्या घरात असाल तर चुना घरमालकाकडून लावून घ्या, पंखा मात्र स्वतः घ्या. घर सोडताना तो काढून नेता येतो.