ब्रेकवरचा पाय कुणाचा, गाडी कुणाची

नमस्कार श्रोतेहो.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी समोरून आली की आपण गोंयकार नकळत जरा कडेला होतो. रेंट-अ-कॅबची गाडी. चालवणारा पुण्याचा असेल, हैदराबादचा असेल. एक डोळा फोनवरच्या नकाशावर, दुसऱ्यानं कलंगुटचं वळण शोधतोय. गाडी मात्र म्हापशाच्या किंवा कांदोळीच्या कुणाच्या तरी नावावर आहे. ती कुठं धडकली तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, वेग किती होता? चालवणारा चाळीस सांगतो, समोरचा शंभर सांगतो आणि बघणाऱ्यांपैकी प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. मी अपघात नुकसानभरपाईचे दावे चालवतो, त्यामुळं हे आकडे किती लवचीक असतात ते मला चांगलं ठाऊक आहे. अनेक गाड्यांत मात्र पुढच्या दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्याच्या आसपास, एक डबी बसवलेली असते. तिला या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी माहीत असतं.

तिचं नाव इव्हेंट डेटा रेकॉर्डर. बोलताना लोक ब्लॅक बॉक्स म्हणतात. विमानातला ब्लॅक बॉक्स वेगळा आणि अवजड असतो, इथं तसं काही नाही. एअरबॅग फुगवायची की नाही हे ठरवणारं जे कंट्रोल युनिट असतं, त्याच्याच मेमरीतला एक कोपरा म्हणजे हा रेकॉर्डर. एअरबॅगचा निर्णय सेकंदाच्या काही शतांश भागात घ्यावा लागतो. त्यासाठी युनिटकडे गाडीचा वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, इंजिनाचे फेरे, सीट बेल्ट यांची माहिती सतत येत असते. नवी आली की जुनी पुसली जाते. धक्का बसला की शेवटचे काही क्षण जसेच्या तसे गोठतात, आणि एअरबॅग फुगली असेल तर ती नोंद पुन्हा पुसता येत नाही.

शेवटचे म्हणजे किती? अमेरिकेचा नियम २००६ चा, तो सप्टेंबर २०१२ पासूनच्या गाड्यांना लागू झाला. त्यात धडकेआधीचे पाच सेकंद, सेकंदाला दोन नोंदी, एवढंच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तो बदलला: वीस सेकंद, सेकंदाला दहा नोंदी. युरोपात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला असा रेकॉर्डर सक्तीचा आहे. चीननं जानेवारी २०२२ पासून सक्ती सुरू केली. आपल्याकडं ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली, आणि एअरबॅगच्या युनिटबरोबर पुष्कळ गाड्यांत ही डबीही गुपचूप घरात आली. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढून बघा. प्लास्टिकच्या पिशवीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, बहुधा अजून कोरं करकरीत असेल. त्यात ‘इव्हेंट डेटा रेकॉर्डर’ असं एक पान सापडण्याची शक्यता बरीच आहे.

आता घाबरण्याआधी ही डबी काय ठेवत नाही तेही ऐका. अमेरिकेच्या नियमानं ठरवलेल्या यादीत आवाज नाही, चित्र नाही, ठिकाणही नाही. तुम्ही कुठून निघालात, शेजारी कोण बसलं होतं, बोलणं काय चाललं होतं, निघण्याआधी हुर्राकाचे किती पेले झाले होते, यातलं काहीही त्या यादीत नाही.

तिच्या मर्यादा तर आपल्या रस्त्यांवर जास्तच दिसतात. नोंद सुरू व्हायला धक्का लागतो, तो साधारण असा: सेकंदाच्या सातव्या हिश्शाच्या आत गाडीच्या वेगात ताशी आठ किलोमीटरचा फरक पडला पाहिजे. गोव्यात अलीकडच्या वर्षांत रस्त्यावर अडीचशेच्या वर माणसं दगावतात आणि त्यांतले बहुसंख्य दुचाकीवरचे असतात. मग हिशेब करून बघू. दीड टनाची मोटार ताशी साठच्या वेगानं उभ्या स्कूटरला मागून धडकली. स्कूटर आणि वरचा माणूस मिळून १८० किलो धरा. मोटारीचा वेग जेमतेम सहा-साडेसहा किलोमीटरनं कमी होतो. स्कूटरवरचा माणूस कायमचा गेला, आणि डबीच्या लेखी काही घडलंच नाही! पादचाऱ्याचं वजन तर त्याहून कमी. मोटारीत बसलेल्यांच्या दृष्टीनं आखलेलं यंत्र बाहेरच्यांना असं विसरतं. युरोपातल्या नियमात पादचाऱ्यांच्या संरक्षणासाठी बसवलेली यंत्रणा सुरू झाली तरी नोंद व्हावी अशी सोय केली आहे, पण ती यंत्रणा मुळात गाडीत असायला हवी.

दुसरी मर्यादा पावसाची. डबीतला वेग बहुधा चाकांच्या फिरण्यावरून येतो. जुलैत चोर्ल्याच्या घाटात ओल्या रस्त्यावर चाकं घसरत असतील तर गाडी एका वेगानं जाते आणि चाकं दुसऱ्याच वेगानं फिरतात. म्हणून डबीतला आकडा घासल्याच्या खुणा आणि पत्र्याची मोडतोड यांच्याशी ताडून बघावा लागतो. आकडा छापील कागदावर आला की न्यायालयातही माणसं जरा दबतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

एवढं असूनही डबीनं भल्याभल्यांना उघडं पाडलं आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे उपराज्यपाल टिम मरी पहाटे सरकारी गाडी चालवताना अपघातात सापडले. आपण वेगात नव्हतो आणि बेल्ट लावला होता, असं त्यांनी सांगितलं. रेकॉर्डर वाचला तर वेग ताशी १०८ मैल निघाला, म्हणजे सुमारे १७४ किलोमीटर, आणि बेल्ट लावलेलाच नव्हता. मग झोप लागली असावी असा खुलासा आला. उलट दिशेचंही उदाहरण आहे. टोयोटाच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशी २००९-१० मध्ये तिकडं मोठी हाकाटी झाली. सरकारनं अपघातग्रस्त गाड्यांचे रेकॉर्डर वाचले तेव्हा बहुतेकांत ब्रेक दाबलेलाच नव्हता. काही गाड्यांत पायपुसण्यात पेडल अडकत होतं, काहींत पेडलच चिकटत होतं, हे खरं. पण बऱ्याच ठिकाणी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला असावा असा निष्कर्ष निघाला.

मरींच्या गोष्टीत एक बारीक जागा आहे, तिथं मला थांबायचंय. गाडी राज्याची होती आणि पाय मरींचा. त्यामुळं नोंद कुणी काढायची आणि जाहीर करायची हे गाडीच्या मालकानं, म्हणजे राज्यानं ठरवलं. ते लोकप्रतिनिधी होते, त्यांच्याबाबत हे योग्यच झालं असं मी म्हणेन. पण आपल्या ओळखीच्या साध्या ड्रायव्हरचं काय?

अमेरिकेनं २०१५ मध्ये यावर कायदा केला. ‘ड्रायव्हर प्रायव्हसी अ‍ॅक्ट’ हे त्याचं नाव. रेकॉर्डरमधला डेटा गाडीच्या मालकाचा, किंवा गाडी लीजवर असेल तर लीज घेणाऱ्याचा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. न्यायालयाचा आदेश, मालकाची संमती, सरकारी सुरक्षा तपास, जखमींना तातडीची मदत, ओळख उघड न करता संशोधन, असे मोजके अपवाद सोडले तर दुसऱ्या कुणाला तो काढता येत नाही. चांगला कायदा आहे. पण गंमत बघा, नावात ड्रायव्हर आहे आणि हक्क मालकाला दिला आहे. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याला फरक पडत नाही. मालक एक आणि चालवणारा दुसरा, अशा गाड्या आपल्याकडं ढिगानं आहेत: रेंट-अ-कॅब, पगारी ड्रायव्हरची टॅक्सी, हॉटेलची इनोव्हा, कंपनीचा टेंपो, दिल्लीवाल्याच्या आसगावच्या बंगल्यातली गाडी. नोंद पायाची होते आणि ती ज्याच्या हाती जाते त्याचं हित ड्रायव्हरच्या हिताविरुद्धही असू शकतं. विमा वाचवायचा असेल तर मालक ड्रायव्हरकडं बोट दाखवणार. गाडीचे ब्रेक महिनाभर नीट लागत नव्हते, तरी मालकानं ती रस्त्यावर काढायला लावली, आणि ब्रेक दाबूनही वेग उतरला नाही हे डबीतून दिसत असेल तर डबी भंगारात जाणार.

गोव्याला हा पेच नवा नाही. जमीन भाटकाराची, घर मुंडकाराचं, आणि मालकी भाटकाराकडं आहे म्हणून मुंडकाराला रस्त्यावर काढता येणार नाही, हे आपण १९७५ च्या मुंडकार कायद्यानं मान्य केलं. मालकाचा हक्क आणि वसणाऱ्याचा हक्क हे दोन वेगळे धागे आहेत हे ज्या मातीत कळलं, तिथं डबीबाबतही तोच विचार व्हायला हरकत नसावी.

आपल्या देशात या डबीतल्या डेटाची मालकी सांगणारा स्वतंत्र कायदा नाही. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि त्याची दृष्टी मला या बाबतीत अमेरिकेपेक्षा बरी वाटते. माहिती ज्या माणसाविषयी आहे, हक्क त्याचा, असं तो कायदा मानतो. वस्तू कुणाच्या नावावर आहे हे तो विचारत नाही. सरळ वाचलं तर ब्रेकची नोंद ज्याच्या पायाची, तो ड्रायव्हर हक्कदार ठरू शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि महत्त्वाची बरीच कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. गुन्ह्याच्या तपासाला त्यात सूट आहे, हेही सांगायला हवं. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी लेखी आदेश देऊन अशी वस्तू मागवू शकतो, त्यासाठी न्यायाधीशाकडं जावं लागत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको हे संविधानाचं संरक्षण इथं कितपत उपयोगी पडेल याची मला शंका आहे. १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने त्या संरक्षणातून बाहेर ठेवले.

डबीला एक गोष्ट अजिबात कळत नाही. चालवत कोण होतं? ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारीच्या पुलावर अपघात होऊन तिघांचा जीव गेला, तेव्हा चाकावर नेमकं कोण होतं याच प्रश्नानं सगळा गोवा ढवळून निघाला होता. प्रकरणाच्या तपशिलात मी जाणार नाही. पण ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट लागला होता एवढं डबी सांगेल. त्या बेल्टामागचा माणूस ओळखायला साक्षीदार, कॅमेरा, रक्ताचे नमुने हेच मार्ग राहतात.

खासगीपणाची खरी गळती दुसरीकडून होते. नव्या गाड्यांत सिमकार्ड असतं, मोबाईलवर गाडीचं अ‍ॅप असतं. डबी काही सेकंद लक्षात ठेवते आणि गाडीतच राहते. सिमवाली गाडी रोजचा प्रवास कंपनीला कळवू शकते: कुठं गेलात, किती वाजता परतलात, ब्रेक किती जोरात मारलात. अमेरिकेत जनरल मोटर्सनं ग्राहकांचा असा डेटा डेटा-विक्रेत्यांना दिला, तो विमा कंपन्यांपर्यंत पोहोचला आणि लोकांचे हप्ते वाढले, हे मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई करून असा डेटा पाच वर्षं पुरवायला बंदी घालण्याचं जाहीर केलं. आपल्याकडंही विमा नियामकानं जुलै २०२२ मध्ये ‘जसं चालवाल तसा हप्ता’ या धर्तीच्या पॉलिसींना वाट मोकळी केली. सवलत मिळते म्हणून ‘मान्य’ वर बोट ठेवताना आपण काय देतोय ते वाचायला कुणाला सवड असते?

टॅक्सीवाल्यांचं तर आधीच ठरून गेलं आहे. जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी टॅक्सींना ठिकाण सांगणारं उपकरण आणि पॅनिक बटन केंद्राच्या नियमानं लागतं. डिजिटल मीटरचा आपल्याकडचा वाद मुख्यतः भाड्याचा होता. ड्रायव्हरच्या दिवसभराच्या हालचालीची नोंद कोण, किती दिवस ठेवतो, यावर त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही. मला तो प्रश्न भाड्याइतकाच मोठा वाटतो.

आता थोडं कामाचं. गाडी भाड्यानं देत असाल तर करारपत्रात दोन ओळी घाला: गाडीत रेकॉर्डर आहे, आणि अपघात झाला तर तो दोन्ही पक्षांच्या समक्ष वाचला जाईल. पगारी ड्रायव्हर असाल तर मालकाकडून तेवढंच लिहून घ्या. धडक हलकी असेल आणि एअरबॅग फुगली नसेल तर काही गाड्यांत ती नोंद पुढं ठरावीक वेळा किल्ली फिरवल्यावर पुसली जाते, म्हणून वाद होणार असं दिसलं तर गाडी पुन्हापुन्हा सुरू करू नका. डेटा काढून घेतलात तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र सोबत घ्या, नाहीतर समोरचा वकील तो कागद टिकू देणार नाही. एअरबॅग फुगल्यावर ते युनिट साधारणपणे बदलतात. जुनं गॅरेजच्या कोपऱ्यात पडू देऊ नका, मागून घ्या. आणि गाडी टोटल लॉस ठरली असेल, तर सॅल्व्हेजच्या, म्हणजे मोडकी गाडी सोडून देण्याच्या, कागदावर सही करण्याआधी विमा सर्व्हेअरला लेखी विचारा: युनिट कुठं आहे, कुणी वाचलं का, आणि वाचलं असेल तर त्याची प्रत कुणाकुणाला गेली.

नमस्कार.